झेंड्यांचे वजन

कासारवाडीतला एखादा पोरगा एव्हरेस्टला निघाला, की सामान बांधायला अख्खी सोसायटी हजर. लुक्लाच्या चिमुकल्या विमानात माणशी साधारण 15 किलोची मुभा. पिसांचा सूट, दुहेरी बूट आणि क्रॅम्पॉन कोंबतानाच घाम फुटतो, त्यात काकूंची शेंगदाण्याची चटणी. ती असू द्या. उंचीवर भूक मेली की तीच घशाखाली उतरते. आजीचा कुकरही हसण्यावारी नेऊ नका. बेस कॅम्पवर, 5300 मीटरच्या वर, पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळते. कुकरशिवाय डाळ शिजायची नाही.

खरी पंचाईत झेंड्यांची. मंडळाचा, पतपेढीचा, कंपनीचा, युनियनचा, शिवाय नाशिक फाट्यावर फ्लेक्स लावणाऱ्या भाऊंचा, तोही वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट! प्रत्येकाला शिखरावरचा फोटो हवा. 8849 मीटरवर जाड मोजा काढून एकेक घडी उलगडायची, म्हणजे बोटे हिमदंशाच्या हवाली. फ्लेक्सवर मात्र भाऊ पुरुषभर आणि गिर्यारोहक कोपऱ्यात, पासपोर्ट आकारात. 2019 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे 10 जण कांचनजंगाच्या माथ्यावर पोचले. एवढे खांदे दिसल्यावर कुणा भाऊंना मोह आवरला असता?

एव्हरेस्टवर चढणाऱ्याने माणशी 8 किलो कचरा खाली आणावा, असा नियम नेपाळने 2014 मध्ये केला. भाऊ, झेंडा खुशाल द्या. फक्त तो त्या 8 किलोंत धरायची परवानगी तेवढी काठमांडूहून आणा.