नाकाने दिलेला अभिप्राय

"हा नोब्लॉकर कोण रे?" गवार मोडता मोडता आईने विचारलं. घरून काम करायचे दिवस होते. टीमची रोजची बैठक म्हणजे स्टँडअप; माझं ते स्पीकरवर चालायचं आणि आई ते सकाळच्या बातम्यांसारखं नेमाने ऐकायची. "जो तो बोलून झालं की शेवटी त्याचंच नाव घेतो. तुमच्या कंपनीचा देव का?"

"नो ब्लॉकर, आई. म्हणजे माझं काम कुठे अडलेलं नाही."

"मग हीच माणसं रात्री अकराला तुला फोन का करतात?"

स्टँडअप पंधरा मिनिटांचं असतं. उभं राहिलं की पाय दुखतात, म्हणून माणूस थोडक्यात बोलतो, अशी त्यामागची समजूत. पण हिंजवडीच्या रहदारीत दीड तास बसून आलेल्या माणसाला उभं राहायला मिळालं की बरंच वाटतं, त्यामुळे ऑफिसात आमचं स्टँडअप पाऊण तास रंगायचं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे त्यातले ठरलेले तीन प्रश्न. 2020 साली या पद्धतीच्या पोथीतून, म्हणजे स्क्रम गाईडमधून, हे तीन प्रश्न काढून टाकले. ही माहिती आमच्या टीमपर्यंत अजून पोहोचायची आहे.

अशा सगळ्या पद्धतींना मिळून 'अजाइल' हे नाव मिळालं 2001 सालच्या फेब्रुवारीत. अमेरिकेत युटाच्या डोंगरात, स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातली पहिलीच गोष्ट ही की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोलाचं. आमच्याकडे आता आपसात बोलण्यासाठी तीन साधनं आहेत आणि त्यातलं कुठलं कधी वापरायचं याची एक प्रक्रिया.

प्लॅनिंग पोकर हा त्यातल्या त्यात करमणुकीचा भाग. कामाचा अंदाज प्रत्येकाने मनाशी ठरवायचा आणि पत्ते एकदम उघडायचे: कुणाचा 3, कुणाचा 8, कुणाचा 13. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा टाकणाऱ्याने कारण सांगायचं. एकदम उघडायचे ते अशासाठी, की कुणी साहेबाचं बघून टाकू नये. पण कारण सांगण्याची वेळच येऊ नये म्हणून आमची पोरं अर्धा सेकंद थांबतात. त्या अर्ध्या सेकंदात त्यांना साहेबाचा पत्ता दिसतो आणि टीममध्ये एकमत नांदतं.

मी बिझनेस अॅनालिस्ट. माझं काम युजर स्टोऱ्या लिहिण्याचं. 'अमुकतमुक म्हणून मला हे हवंय, म्हणजे माझं ते होईल,' असा तिचा साचा. पैसे मिळणारा ललितलेखनाचा मला माहीत असलेला हा एकमेव प्रकार. परदेशातल्या एका गोठवलेल्या मालाच्या गोदामासाठी आम्ही अॅप करत होतो. 'गोदामातला कामगार म्हणून मला खोक्यांची यादी रंगांनुसार हवीय' अशा माझ्या चाळीसेक स्टोऱ्या बोर्डावर लटकत होत्या. त्या कामगाराच्या आशा-आकांक्षा मी एसीत बसून इतक्या मन लावून लिहिल्या की एकदा माझाच मला हेवा वाटला. गोदाम मात्र मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटनंतर डेमो व्हायचा. पलीकडून क्लाएंटचे मॅनेजर "व्हेरी नाइस" म्हणायचे. पुण्यात उपमा "बरा झालाय" म्हणतात, तेवढीच माहिती त्यात असते. फरक एवढाच की उपमा निदान कुणीतरी खाल्लेला असतो. आमचं अॅप मॅनेजर स्वतः वापरत नव्हते.

सहाव्या स्प्रिंटला त्यांनी कौतुकाने गोदामातूनच व्हिडिओ कॉल लावला. आत उणे अठरा अंश. एक आडदांड माणूस जाडजूड हातमोजे घालून उभा होता. त्याने डाव्या हाताने खोका उचलला, उजव्या हातातला स्कॅनर तोंडाजवळ नेला आणि 'नोंदवा' हे बटण नाकाने दाबलं. मग दुसरा खोका. पुन्हा नाक. अतिशय सफाईने. सरावाचं होतं ते नाक.

आमच्याकडे कुणी बोलेना. स्कॅनरवरच्या त्या प्रकारच्या पडद्याला कातडीचा स्पर्श लागतो, लोकरीचा त्याला कळत नाही, हे टीममधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिथली माणसं हातमोजे घालतात हे मॅनेजरना ठाऊक होतं. या दोन गोष्टींची सहा स्प्रिंटांत, म्हणजे तीन महिन्यांत, एकदाही गाठ पडली नव्हती. या काळात सुमारे साठ स्टँडअप झाली. नोब्लॉकरचं नाव किती वेळा घेतलं गेलं, ते आईला विचारायला हवं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" काय बनवायचं ते ठरवणाऱ्या आमच्या प्रॉडक्ट ओनरने त्या कामगाराला विचारलं. त्या माणसाला वाटत होतं, तंत्रज्ञान असंच असतं.

झालेल्या स्प्रिंटचा आढावा घेणाऱ्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये 'काय सुधारता येईल' या रकान्यात त्या दिवशी सात चिठ्ठ्या पडल्या. पाच कॉफी मशीनविषयी होत्या.

त्या स्कॅनरला बोटाने ओढायचा एक खटका होता, हातमोज्यातूनही ओढता येणारा. नोंद त्यावर टाकायला दीड दिवस लागला. रंगीत यादी तशीच राहिली, ती कुणी उघडत नाही. या बदलासाठी मी नवी स्टोरी लिहिली: 'गोदामातला कामगार म्हणून मला माल हाताने नोंदवायचाय, म्हणजे माझं नाक सर्दीसाठी मोकळं राहील.'

प्रॉडक्ट ओनरने ती परत पाठवली. खाली शेरा होता: "सर, 'म्हणजे'च्या पुढचं जरा बिझनेस व्हॅल्यूसारखं लिहा ना."