कायमचे उद्घाटक

ब्रह्मपुरी ते वडसा या पट्ट्यात नाटकाचं पोस्टर दिसलं, की नाटकाच्या आधी भाऊंचं नाव वाचावं लागतं. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत पोस्टरवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक अशी मानकऱ्यांची वरातच असते. भाऊ त्यातले कायमचे उद्घाटक. बैलांचा शंकरपट असो की बोअरवेल, फीत दिसली की हात कात्रीकडे जातो. पक्ष संस्कृतीरक्षकांचा. व्हॅलेंटाइन डेला भाऊंनी एकेकाळी बागेतली जोडपी उठवलेली आहेत. आता गुडघे दुखतात, म्हणून ते खातं पुतण्याकडे.

या भाऊंना वरून निरोप आला : तृतीयपंथीयांपर्यंत पोहोचा. निमित्त आरोग्याचं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ ही योजना आणली. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, लिंगबदलाची शस्त्रक्रियाही त्यातच. भाऊ पत्रक वाचत ‘शस्त्रक्रिये’पर्यंत आले, चष्मा पुसला आणि उरलेलं कार्यकर्त्याला वाचायला दिलं. स्वतः ऐकलं नाही.

मेळावा मात्र जोरात झाला. भाऊ माइकसमोर उभे राहिले. “बंधूंनो...” समोर पाहिलं. “भगिनींनो...” पुन्हा पाहिलं. “मतदारांनो!” मग अर्धनारीनटेश्वर आला, शिखंडी आला, विराटाघरची बृहन्नडा आली. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार बोथट केली, तेव्हा हेच भाऊ ‘पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणाले होते. ते तेवढं आलं नाही. तसे भाऊ कोत्या मनाचे नाहीत. दंडारीत गडी लुगडं नेसून रात्रभर नाचतो, तेव्हा स्टेजवर चढून पाचशेची नोट देणारे पहिले तेच. ती कला. तेच लुगडं सकाळी बसस्टँडवर दिसलं, की संस्कृती धोक्यात.

भाषणानंतर मागच्या रांगेतून एक जण उठली. “भाऊ, कलेक्टरचं सर्टिफिकेट असन तरच या योजनेचं कार्ड निंगते म्हणे. माह्या आधारवर जुनंच नाव हाय. अन् ऑपरेशन होते कुठी?”

“सगळीकडे,” भाऊ म्हणाले.

“गडचिरोलीत?”

“निवेदन द्या.”

“बरं, साधा मलेरिया झाला तं? बायांच्या वार्डात टाकतीन का गड्यांच्या?”

भाऊंनी पाणी मागवलं. राष्ट्रगीत लवकर सुरू झालं.

पावसाळ्यात तिला खरंच मलेरिया झाला. गडचिरोलीत राहून तो टाळायचा म्हणजे नशीबच लागतं. दवाखान्यात वार्डावरून वाद पेटला. तोवर ती व्हरांड्यात कुडकुडत होती. कुणीतरी रात्री भाऊंना उठवलं. भाऊंनी फोन लावला, “डॉक्टरसाहेब, बायांच्या वार्डात खाट द्या. नियम? नियम मले सकाळी सांगा.” खाट मिळाली. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यानं आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, पण त्या रात्री कायद्याची कुणाला आठवण झाली नाही, आणि भाऊंना ते मनापासून आवडलं. सगळंच कायद्यानं मिळू लागलं तर रात्री भाऊंना उठवणार कोण?

बरी झाल्यावर ती पेढे घेऊन आली, सेल्फीसाठी मोबाइल वर धरला. भाऊंनी झटकन दुपट्टा तोंडावर ओढला. “फोटो नको वं, घरी पाहतीन.” पेढा मात्र खाल्ला, दुसराही उचलला आणि कार्यकर्त्याला म्हणाले, “फेसबुकवर मेळाव्याचाच टाक. त्यात मी मधात हावो.”