गोड बातमीचा अधिभार

म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा घ्यावा की नाही, हा पेच जर्मनीने १९९५ सालीच मिटवला. निर्णय घेण्याचा त्रासच काढून टाकला! पगाराच्या ३.६ टक्के रक्कम, मालक-नोकर मिळून, परस्पर जमा होते.

त्याहून थोर तरतूद २००५ची. वयाची २३ वर्षे पुरी झाली आणि मूलबाळ नसेल, तर जादा वर्गणी. २०२३पासून ती ०.६ टक्के, सगळी नोकराच्याच खिशातून. आपल्याकडे हीच चौकशी मावश्या लग्नाच्या पंगतीत फुकट करतात. दुसऱ्यापासून पाचव्या मुलापर्यंत, ती पंचविशीची होईतो, दरडोई पाव टक्का सवलत. सहाव्याने मात्र आपल्या जबाबदारीवर जन्मावे.

आमची नम्र सूचना एवढीच, की विमा कार्यालयाने तेविसाव्या वाढदिवशी वर्गणीच्या पत्रासोबत चार अनुरूप स्थळेही पाठवावीत. पत्रिका जुळल्यास पहिला हप्ता माफ.

स्टुटगार्टचा आमचा अविवाहित भाचा हा अधिभार बिनतक्रार भरतो. मूल नाही, तर म्हातारपणी बघणार कोण, हे त्याला पटले आहे. कोथरूडला त्याच्या आईवडिलांना आंघोळ घालायला ब्यूरोची बाई येते. त्यांना ती चिंता नाही. त्यांना मुलगा आहे.