ड्रायवॉल लागायच्या आत

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्रॉस्पर, सेलिना अशी गावं एकाला एक चिकटून वाढत चालली आहेत. गेल्या वर्षी जिथं गुरं चरत होती तिथं यंदा घरांच्या रांगा. या रांगांमधून संध्याकाळी, कारागीर निघून गेल्यावर, एक गृहस्थ फिरताना दिसतो. अंगात ऑफिसचा शर्ट, पायात चिखलानं माखलेले बूट, कमरेला पंचवीस फुटी टेप, तोंडात टॉर्च. चोर वाटतो, पण चोर इतका वेळ थांबत नाही. हा घरमालक आहे आणि मराठी आहे. प्रत्येक महाराष्ट्र मंडळात याचा एक तरी नमुना असतोच. खरी आडनावं निरनिराळी असतील. मी सगळ्यांना ओळंबेकर म्हणतो.

ओळंबेकर मुळात असा नव्हता. बाणेरला फ्लॅट घेतला तेव्हा किल्ली हातात पडेपर्यंत त्यानं त्याची एकही भिंत पाहिली नव्हती, आणि पाहिली तेव्हा तिला ओल आलेली होती. आत काय आहे हे बिल्डरला ठाऊक आणि देवाला ठाऊक, आणि दोघंही फोन उचलत नाहीत. अमेरिकेतल्या बिल्डरनं मात्र भाबडेपणानं त्याला सांगितलं, की आतून तक्ते ठोकण्याआधी, म्हणजे ड्रायवॉल लागायच्या आधी, एक दिवस तुम्ही येऊन सगळं बघून जा. इथं त्याला प्री-ड्रायवॉल वॉक म्हणतात. इतर लोक त्या दिवशी कॉफीचा कप घेऊन येतात, ‘ओह, नाइस’ म्हणतात आणि किचनमध्ये उभे राहून सेल्फी काढतात. ओळंबेकरनं ‘एक दिवस’ एवढंच नीट ऐकलं नाही. तो रोज जाऊ लागला.

आणि खरं सांगायचं तर तिथं बघण्यासारखं असतं. काँक्रीटच्या स्लॅबवर खालची पट्टी आणि वरची पट्टी शेजारी शेजारी ठेवतात आणि दोन्हींवर एकदमच दर सोळा इंचांवर पेन्सिलीनं फुली मारतात. मग पट्ट्या लांब करून मधे उभे दांडे, म्हणजे स्टड, टाकायचे आणि हवेच्या बंदुकीनं खिळे ठोकत जायचं. अख्खी भिंत जमिनीवर आडवी तयार होते, आणि मग चारजण ‘हो’ म्हणून गुढी उभारावी तशी ती उभी करतात. ओळंबा लावायचा, तिरका टेका द्यायचा, की झाली भिंत. सोमवारी नुसता ओटा होता, शुक्रवारी घर. ड्रायवॉल लागेपर्यंत घराला खोल्या असतात पण आडोसा नसतो. ओळंबेकर स्वयंपाकघरात उभा राहिला, की त्याला चार भिंतींच्या आरपार आपला भावी कमोड दिसायचा. बाणेरच्या बिल्डरनं हे सुख त्याला दिलं नव्हतं.

पहिला धक्का आप्पांनी दिला. आप्पा म्हणजे ओळंबेकरचे वडील, सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. व्हिडिओ कॉलवर मुलानं अभिमानानं मोबाइल फिरवून सगळं दाखवलं. आप्पांनी चष्मा सारखा केला.

‘सेंटरिंग झकास झालंय रे. स्लॅब कधी टाकणार?’

‘आप्पा, हे सेंटरिंग नाही. हेच घर आहे.’

बराच वेळ काही आवाज आला नाही. ओळंबेकरला वाटलं नेटवर्क गेलं.

‘बरं,’ आप्पा म्हणाले. ‘पाणी कोण मारतं मग भिंतींना?’

दुसरा धक्का त्याचा त्यानंच स्वतःला दिला. करारात लिहिलं होतं ‘टू बाय फोर’. त्यानं टेप लावली: दीड इंच बाय साडेतीन इंच. पुन्हा लावली. दुसऱ्या दांड्याला लावली. दोन दांड्यांतलं अंतर मोजलं, ते सोळाऐवजी साडेचौदा! त्या रात्री तो झोपला नाही. एका बाजूनं जाडी चोरली, दुसऱ्या बाजूनं अंतर चोरलं. हा बिल्डर बाणेरच्याच्याही वर निघाला. पहाटे साइट सुपरिंटेंडंटला सहा फोटोंसह ईमेल गेली. त्या बिचाऱ्या टेक्सनचं उत्तर फार सभ्य होतं. सोळा इंच हे मध्यापासून मध्यापर्यंत धरतात, त्यातून दांड्याची दीड इंच जाडी वजा केली की साडेचौदाच उरतात. आणि टू बाय फोर या नावाचं लाकूड सुकवून-रंधून झाल्यावर दीड बाय साडेतीनच भरतं, सबंध देशात. ओळंबेकरनं मग वाचून काढलं, की ही मापं १९६० च्या दशकात लाकूडवाल्यांनी आपापसांत भांडून-तंडून ठरवली. ‘म्हणजे चोरी आहेच,’ तो मला म्हणाला, ‘फक्त ती राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली आहे.’

यात हसण्यासारखं आहे, पण मी पूर्ण हसू शकत नाही. आपण ज्या घरांत वाढलो तिथं स्लॅब पडायच्या आदल्या रात्री घरातला कर्ता पुरुष जाऊन सळया मोजून यायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजून मगच बिल चुकतं व्हायचं. संशय हा आमच्याकडे बांधकामाच्या साहित्यातच धरतात. वाळू, खडी, सिमेंट आणि संशय. तो घेऊन मनुष्य टेक्सासला आला, तर इथं भिंत स्वतःहून पोट उघडं करून उभी. ओळंबेकरचं काय होणार?

तो सोळा इंचांच्या प्रेमात पडला. ड्रायवॉलचा तक्ता चार फूट बाय आठ फूट. अठ्ठेचाळीसला सोळानं भाग जातो, शहाण्णवलाही जातो, म्हणजे तक्ता उभा लावा नाही तर आडवा, कड बरोबर दांड्यावरच येणार. हे कळल्यावर तो आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता, आमच्या मंडळाच्या कोजागिरीला तर दूध ढवळणं थांबवून. इथल्या टेपवर दर सोळा इंचांना खूण असते, हे त्यानं दुकानात मला ओढत नेऊन दाखवलं. मग एका कपाटाच्या भिंतीत त्याला दोन दांड्यांत चोवीस इंच सापडले आणि पुन्हा ईमेल गेली. ज्या भिंतीवर भार नाही तिला चोवीस चालतात, असं उत्तर आलं. हे कायद्यात बसतं, पण ओळंबेकरच्या मनात बसत नाही. ते कपाट तो आजही घट्ट लावत नाही.

कारागिरांशी त्याचं जमलं. ते मेक्सिको, ग्वातेमालाकडचे. त्यांना मराठी येत नाही, याला स्पॅनिश येत नाही, दोघांचंही इंग्रजी कामापुरतं. पण आकड्यांना भाषा लागत नाही आणि बाकरवडीला तर नाहीच. तो चितळ्यांची बाकरवडी न्यायचा. ते त्याला ‘इंहेनिएरो’, म्हणजे इंजिनिअर, म्हणायचे. मुकादमानं त्याला एक गोष्ट शिकवली: दांडा उचलला, की डोळ्याशी धरून लांबीवरून नजर टाकायची. प्रत्येक लाकडाला थोडा बाक असतो; भिंतीतल्या सगळ्या दांड्यांचे बाक एकाच बाजूला ठेवायचे, नाही तर भिंत लाटा मारते. तेव्हापासून ओळंबेकर काहीही हातात आलं की डोळ्याशी धरतो. लाटणं, उदबत्ती, दांडियाच्या काठ्या. वहिनींनी नवी झाडणी आणली, तीसुद्धा नजर टाकून परत पाठवली.

एकदा तो भिंतीतून जात होता. हो, भिंतीतूनच, त्या दिवसांत दरवाजा कोण वापरतो. साडेचौदा इंचांच्या फटीतून पोट आडवं करून तो शिस्तीत निघाला, पण कमरेची टेप मागच्या दांड्याला अडकली आणि पुढून पोटानं असहकार पुकारला. टेप काढायची तर हात मागे जाईना. तासाभरानं शेजारच्या प्लॉटवरच्या सुताराला हाक ऐकू गेली. त्यानं येऊन पाहिलं, टोपी मागे सरकवली आणि खिळ्याच्या बंदुकीऐवजी मोबाइल काढला. तो व्हिडिओ आमच्याकडे अजून फॉरवर्ड होतो. ओळंबेकरला त्याचं काही वाटत नाही. ‘अंतर बरोबर आहे याचा पुरावा आहे तो,’ म्हणतो.

मग फोटो. प्रत्येक भिंत, प्रत्येक दांडा, टेप लावलेली, कोपऱ्यात खोलीचं नाव आणि दिशा लिहिलेला कागद. वायर जिथं दांड्यातून जाते तिथं पोलादी पट्टी ठोकलेली आहे का, कारण ड्रायवॉलचा स्क्रू नेमका वायरीत घुसतो. प्लंबरनं पाइपासाठी दांडा किती पोखरला. भार घेणाऱ्या दांड्यात रुंदीच्या चाळीस टक्क्यांपर्यंतच भोक चालतं, खाच असेल तर पंचवीस. एका ठिकाणी प्लंबरनं जवळजवळ अर्धा दांडा खाल्ला होता. ओळंबेकरनं तो पकडला, सुपरिंटेंडंटनं निमूटपणे दुरुस्त करून दिला, आणि त्या दिवसापासून या माणसाला धरबंध राहिला नाही. घराच्या वास्तुशांतीचे तीन फोटो आहेत, त्यांतल्या एकात वहिनी अर्ध्या कापल्या गेल्यात. भिंतींच्या फोल्डरला मात्र बॅकअप आहे, आणि बॅकअपचाही बॅकअप.

इथले लोक ड्रायवॉल लागण्याआधी दांड्यांवर मार्करनं बायबलमधली वचनं लिहितात, मुलांची नावं लिहितात. ओळंबेकर कुंकू घेऊन गेला आणि दाराच्या चौकटीशेजारच्या दांड्यावर स्वस्तिक काढू लागला. वहिनींनी मनगट धरलं. ‘सकाळी सुपरिंटेंडंट येऊन बघेल आणि पोलीस बोलवेल. काय काय समजावून सांगणार आहेस?’ मग श्री काढलं. देवघराच्या भिंतीत दोन दांड्यांच्या मधे आडवे ठोकळे बसवून घेतले, पुढे वजन टांगायला आधार हवा म्हणून. त्याला ब्लॉकिंग म्हणतात. टीव्हीसाठी ब्लॉकिंग, बाथरूममध्ये आई-आप्पांच्या दांडीसाठी ब्लॉकिंग, छतात झोपाळ्यासाठी जादा जोडलेली तुळई. मुकादम शेवटी उरलेले तुकडे त्याच्यासाठी बाजूलाच काढून ठेवू लागला.

राहायला गेल्यावर सगळं झाकलं गेलं, अर्ध्या इंचाच्या पांढऱ्या तक्त्याआड. ओळंबेकर उदास झाला. आता तो दुसऱ्यांच्या भिंती वाजवतो. आमच्याकडे सत्यनारायण होता, गुरुजी चौथ्या अध्यायात, साधुवाण्याची नौका बुडालेली, आणि त्यांच्या मागून बोटाच्या पेरानं टक, टक, टक, ठप्प. ‘इथं आहे,’ ओळंबेकर हळूच म्हणाला. गुरुजी दचकून थांबले. त्याच्या खिशात फ्रिजवरचं चुंबक असतं, ते भिंतीवर फिरवून तो आतले स्क्रू शोधतो. स्क्रू सापडला की दांडा सापडला.

आप्पा उन्हाळ्यात आले. विमानतळावरून घरी, बूट काढले, पाणी प्यायले आणि भिंत वाजवली.

‘पोकळ.’

‘इन्सुलेशन आहे आप्पा. आणि दांडे...’

‘याला फोडायला चोराला कुऱ्हाड नको. चमचा पुरे.’

वाळवीचं काय, हे विचारून झालं. स्लॅबला टेकणारी पट्टी हिरवट असते, औषध मुरवलेली असते, हे मुलानं फोटो काढून दाखवलं. भिंतीतून सुनेचा मीटिंगमधला आवाज स्पष्ट येतो, नातवाच्या खोलीतला व्हिडिओ गेम येतो, रात्री कोणी फ्लश केला हे नावासकट सांगता येतं, हे आप्पांनी पहिल्याच रात्रीनंतर टिपलं. यावर मुलाकडे फोटो नव्हता. मग मुलानं शेवटचा डाव टाकला. आपल्याकडच्या टॉवरमध्ये तरी भिंत काय धरून ठेवते? भार सगळा आरसीसीच्या खांबांवर आणि तुळयांवर. विटांची भिंत मधे नुसती भरलेली. तीही पार्टिशनच.

आप्पा यावर चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले नाहीत. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ते लातूरकडे नोकरीला होते. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, त्या त्यांनी उपसून काढलेल्या होत्या. ते पुन्हा भिंतीपाशी गेले, तळवा टेकवून थोडा दाब दिला. ‘हलकी आहे, हे मात्र खरं,’ म्हणाले. आणि लगेच, कौतुक फार झालं असं वाटून, ‘पण खिळा कुठं मारायचा ते लिहून ठेव. माझा फोटो पडायला नको.’

ओळंबेकरनं लिहून ठेवलं होतंच. आप्पांचा फोटो लावायची भिंत, दक्षिण, डावीकडून तिसरा दांडा. आप्पा जिवंत समोर बसलेले. वहिनींनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

अलीकडे तो इतरांच्या प्री-ड्रायवॉल वॉकला जातो. फुकट. निळी चिकटपट्टी स्वतःची आणतो आणि जिथं दोष दिसेल तिथं तुकडा लावतो. मागच्या महिन्यात एका नवपरिणीत जोडप्याचं घर त्यानं असं निळं केलं, की नवरीला रडू फुटलं. त्यामुळे आम्ही सेलिनाला घर बुक केलं तेव्हा बायकोनं बजावलं, ओळंबेकरला ड्रायवॉल लागल्यावरच सांगायचं. आम्ही मंडळातही कुणाला बोललो नाही.

गुरुवारी रात्री त्याचा मेसेज आला. एका उघड्या भिंतीचा फोटो, प्लॉटच्या नंबरासकट, मधे निळी चिकटपट्टी आणि खाली: ‘इथं देवघर येणार ना? मग ब्लॉकिंग कुठंय?’

मी बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून फोटो मोठा केला, दोन दांड्यांच्या मधली मोकळी जागा पाहिली, सागाचं देवघर किती जड आहे ते आठवलं, आणि माझ्याच फोनवरून त्याला रविवारी सहकुटुंब जेवायला बोलावलं. येताना टेप आणायला सांगितलं.