कनेक्शनवाले सर

ग्वाल्हेरमध्ये थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांत नव्याने बदलून आलेला माणूस विजेच्या मीटरसाठी कधीकधी सरळ सरांच्या दारात उभा राहतो. चूक त्याची नसते. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ‘भैया, कनेक्शन कौन दिलाएगा?’ असं विचारलं, की तो खुशाल सरांच्या घराकडे बोट दाखवतो. सर त्या माणसाला बसवून घेतात, पाणी देतात आणि विचारतात, “वीज येते कुठून, माहीत आहे?” अर्ध्या तासाने तो चंबळेवरचं गांधीसागर धरण, तिथली टर्बाइनं आणि आपल्या पंख्याचं रेग्युलेटर यांचं नातं समजून घेऊन, मीटरशिवाय बाहेर पडतो.

‘कनेक्शनवाले सर’ हे नाव मुलांनी ठेवलंय. सर सहावी ते आठवीला शिकवतात. कागदावर विषय विज्ञान. पण वर्गात कुठलाही विषय एकटा पडलेला त्यांना बघवत नाही. गणिताला इतिहासाच्या शेजारी नेऊन बसवल्याशिवाय आणि भूगोलाच्या हातात गाण्याचा हात दिल्याशिवाय त्यांचा तास संपत नाही. तसा तो नाहीच संपत, पुढच्या तासाचे सर दारात खडू घेऊन उभे असतात.

सरांना ओळखायचं ते पिशवीवरून. तिच्यात बॅटरी गेलेला एक लॅपटॉप, त्यामुळे अपरिहार्य झालेला लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड, थ्री-पिनचं टू-पिन करणारी वस्तू, एक ब्लूटूथ स्पीकर, कुणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर, काड्यापेट्या, सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि वहिनींची पांढरी चादर. चादर म्हणजे पडदा. तिच्यावर इस्त्रीचा एक जुना डाग आहे. भारताचा नकाशा लावला की तो बरोबर केरळच्या खाली, समुद्रात येतो. एका मुलाने सहामाहीच्या पेपरात तिथे इमानेइतबारे एक बेट काढलं होतं. सरांनी त्याला अर्धा गुण दिला, निरीक्षणाचा.

वॉल्व्ह ट्यूबचं मूळ होशंगाबादचं. सरांचे वडील नोकरीनिमित्त तिकडे होते, त्यामुळे सरांची मिडल स्कूलची वर्षं तिथल्या शाळेत गेली. आणि तिथे तेव्हा होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालू होता. 1972 मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेला, पुढे सगळ्या जिल्ह्यात पसरलेला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठीचा. पुस्तकाचं नाव ‘बालवैज्ञानिक’. त्यात उत्तरं नसत, प्रयोग आणि प्रश्न असत, आणि परीक्षेला ते पुस्तक उघडून बसायची मुभा असे. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि वॉल्व्ह ट्यूब जोडून आकार करण्याची युक्ती काढली ती याच दिवसांत, याच भागात. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. सरांच्या मते बंद झाला नाही, थाटीपूरला बदलून आला. कुणी ‘मल्टिमीडिया’ म्हटलं, की सर खिशातून एक काडी आणि ट्यूबचा तुकडा काढून म्हणतात, “हा पहिला मीडिया. बाकीचे विजेवर चालतात.”

विजेवर चालणाऱ्यांचं मात्र सरांशी फारसं पटत नाही. प्रोजेक्टर लागला तर आवाज येत नाही, आवाज आला तर चित्र उलटं येतं, दोन्ही जमलं की वर्गातून एकसुरात ऐकू येतं, “सर, लाइट गई!” या तीन शब्दांत मुलांचा जो आनंद असतो तो पंधरा ऑगस्टच्या लाडवातही नसतो. सर क्षणभर गप्प उभे राहतात, मराठीत काहीतरी पुटपुटतात (हिंदी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलण्याचा हा एक फायदा) आणि मग म्हणतात, “ठीक है. आखिरी तस्वीर में क्या देखा था?”

कारण सरांचा खरा हातखंडा दाखवण्यात नाही, थांबवण्यात आहे. त्यांनी कुठलीही फिल्म शेवटपर्यंत दाखवल्याचं कुणाला आठवत नाही. ऐन रंगात आली की बोट स्पेसबारवर. “बस, इथेच. आता हे कशाला जोडायचं?” हे त्यांचं पालुपद. शाळेत एक स्मार्ट बोर्डही आहे, मखमली कव्हर घालून ठेवलेला. तपासणीच्या दिवशी कव्हर निघतं. त्यातल्या तयार फितींवर सरांचा राग आहे. त्यात गोड आवाजातली बाई प्रश्न विचारते आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. “मग वर्गात ही चाळीस पोरं कशाला? तिची ती आहे की!” असं सर चिडून म्हणतात. या एका बाबतीत मी पूर्णपणे सरांच्या बाजूचा आहे.

घरच्यांना हे पटवणं अवघड. सरांच्या हातात रिमोट गेला की मालिकेतली सासू तोंड उघडं टाकून तशीच थांबते. भाचीच्या लग्नाची फीत सगळे बघत होते, मंगलाष्टकं रंगात आली होती, अंतरपाट आता निघणार, तेवढ्यात चित्र थबकलं. “अक्षता तांदळाच्याच का? पंजाबात गहू इतका पिकतो, तिथे काय टाकत असतील?” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “अहो, आधी तिचं लग्न लागू द्या.” तेव्हापासून त्या घरात रिमोट पिठाच्या डब्यामागे असतो.

पण एकदा सरांचा तास बघायला मिळाला आणि मी ती पिशवी माफ केली. चादरीवर फोटो होता, किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखाचा. नुसता खरबरीत दगड आणि त्यावर किडामुंगीसारखी अक्षरं. सर काही बोललेच नाहीत. फोटो मोठा केला, अजून मोठा केला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं मुलं जुन्या आकड्यांच्या तक्त्याशी ताडून बघत होती. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी ओरडली, “सर, यहाँ गोला है!” दोन, सात आणि एक छोटंसं वर्तुळ. दोनशे सत्तर. इसवी सन 876 चं शून्य, आपल्या घरापासून टेंपोच्या अंतरावर.

दुसरा कुणी असता तर इथे भारतमाता की जय झालं असतं. सरांनी विचारलं, “दो सौ सत्तर क्या?” पुन्हा शोधाशोध. लेखात मंदिराच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे: 270 हात लांब, 187 हात रुंद. आणि रोज पन्नास माळा द्यायच्या, तो तिसरा आकडा, त्यातही शून्य. आता बाकांवरून हात मोजले जाऊ लागले. कुणाचा हात धरायचा, राजाचा की माळ्याचा, यावर भांडण झालं. 270 गुणिले 187 बरोबर 50,490 चौरस हात, एवढ्या बागेतून रोज पन्नास माळा निघतील का? मागच्या बाकावर एक मुलगा बसतो, त्याच्या घरी फुलांचं दुकान आहे. एरवी तो वर्गात असतो हे हजेरीखेरीज कळत नाही. तो उठला आणि एका माळेला किती झेंडू लागतात, उन्हाळ्यात फूल किती बारीक होतं, नवरात्रात काय होतं, सगळं सांगत सुटला. “सर, ये तो फूलवाले का हिसाब है!” त्याला इतका आनंद झाला होता, की जणू तो शिलालेख त्याच्या आजोबांनीच उधारीच्या वहीत खरडला होता.

शेवटी सरांनी दुसरा फोटो टाकला: कंबोडियातला सांबोरचा शिलालेख, इसवी सन 683, शून्याच्या जागी टिंब. आपल्यापेक्षा 193 वर्षं जुना. वर्ग हिरमुसला. एवढं सापडलेलं शून्य हातचं जातंय म्हटल्यावर एकाने तोडगाही काढला, “सर, उसका तो बिंदी है, गोला अपना पहला.” सर म्हणाले, “अच्छा? बिंदी से गोला कैसे बना होगा?” आणि घंटा झाली.

अशा तासांचा हिशेब फेब्रुवारीत चुकता होतो. तोवर पुस्तकातले चार धडे शिल्लक असतात, आठवीची परीक्षा दारात असते आणि पालक शाळेत चकरा मारू लागतात. मग सर एकदम शताब्दी एक्सप्रेस होतात. मधल्या स्टेशनांची नावंसुद्धा वाचता येत नाहीत. पालकांची तक्रार खोटी नाही. माझाच भाचा धाड धाड पाठ करत होता, आणि सरांना विचारलं तर म्हणाले, “या महिन्यात मी पगारासाठी शिकवतो.”

तिघऱ्याचं प्रकरण तर महिनाभर चाललं. ग्वाल्हेरला पाणी पुरवणाऱ्या या धरणावर विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारं बसली होती. आणि तशी दारं पहिल्यांदा बसली 1903 मध्ये, पुण्याच्या खडकवासल्यावर. पुणे आणि ग्वाल्हेर एका दारात! सरांना झोप लागेना. पुण्यातल्या मावसभावाला फोन गेला, “रविवारी धरणावर जा आणि दारांचा व्हिडिओ काढून पाठव.” मावसभाऊ गेला. आलेल्या व्हिडिओत दोन सेकंद धरण आहे आणि पुढची तीन मिनिटं कांदाभजी. सरांनी तोही दाखवला. भजी तेलात पडतात तिथे थांबवला. “तळाशी गेलेलं भजं वर का आलं?” भजं तरंगतं, तरंगणाऱ्या वस्तूला पाणी वर ढकलतं, पाण्याची पातळी चढली की तिच्याबरोबर काहीतरी वर उचललं जाऊ शकतं, असं करत गाडी धरणाच्या दारापर्यंत आली. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दारं आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एक मुलगा म्हणाला, “अपनी छत की टंकी का बॉल!” दुसऱ्याने तत्काळ खोडलं, “उल्टा है. बॉल तो भरने पर बंद करता है, ये भरने पर खोलता है.” सर खुर्चीवर बसले. ते वर्गात खुर्चीवर बसले की समजावं, अतिशय आनंद झालाय.

पुढे निघालं, की 1917 च्या पावसाळ्यात हे धरण फुटलं होतं. दारांमुळे नव्हे, पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपलं म्हणून. मग आठवडाभर मुलं वाटीत वेगवेगळे दगड भिजत घालून सकाळ-संध्याकाळ वजन करत होती. आमच्या किराणावाल्याने तराजू द्यायचं बंद केलं.

आता लौकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची गोष्ट. सर त्या दिवशी नाद शिकवत होते. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी काढलेले फोटो चादरीवर, स्पीकरवर तंबोरा लावायचा बेत. हा स्पीकर सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांच्या मोबाइलला जोडला होता आणि सरांप्रमाणेच एकदा जुळलेलं नातं तोडत नाही. शेजारच्या खोलीत हेडमास्तरांना फोन आला, त्यांनी उचलला, आणि सातवी ‘ब’मध्ये, तानसेनच्या समाधीवरून, एक करारी स्त्रीस्वर घुमला: “सुनो, आते बखत लौकी लेते आना. और पिछली बार जैसी कड़वी मत लाना!”

वर्ग लोळायचा बाकी राहिला. हेडमास्तर धावत आले तेव्हा सर फळ्यावर लौकी काढत होते. “कड़वी लौकी का क्या होता है?” त्यांचा आवाज थोडाही हलला नव्हता. फेकतात, गाईला घालतात, अशी उत्तरं आली. सरांनी तंबोऱ्याचा फोटो लावला आणि खालच्या घुमटावर पट्टी ठेवली. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे लौकीचाच कडू, मोठा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात दोघांची जात एक. पंढरपूरकडे पिकतो, वाळवतात, आणि मिरजेत कारागीर त्याचे तंबोरे करतात; मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ग्वाल्हेरची गायकी मिरजेच्या भोपळ्यावर टेकून बसली आहे, हे ऐकताना हेडमास्तरही दारात रेंगाळले. संध्याकाळी त्यांच्या पिशवीत दोन लौक्या दिसल्या. एक बहुधा घरी दाखवून ही जोडणी समजावण्यासाठी असावी. ती कुणी ऐकून घेतली की नाही, ते विचारायचं धाडस झालं नाही.

सध्या सर रेल्वेच्या मागे आहेत. ग्वाल्हेर ते श्योपूर, 199 किलोमीटर, दोन फुटी रुळांची ती छोटी गाडी 2020 मध्ये बंद झाली. सर कॉलनीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडापुढे मोबाइल धरून शिट्टीचा आवाज काढायला लावतात. कवळी असलेल्यांची फार पंचाईत होते. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आणि छतांवर पोरं बसवून नेणारी ही खरी गाडी, दोन्ही शिंद्यांच्याच, त्यांची सांगड घालायची आहे म्हणे.

गेल्या रविवारी सकाळी उठून बघतो तर आमच्या गल्लीत चुन्याच्या दोन रेघा. मध्ये अंतर मोजून दोन फूट. रेघांवर मुलं उकिडवी एकामागे एक, तोंडाने झुकझुक, पुढे स्पीकरवर जमवलेल्या शिट्ट्या, आणि बाजूने सर चालताहेत, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वहिनींची मोजपट्टी. दोन स्कूटरवाले खोळंबले होते. भाजीवाल्याने ठेला बरोबर रेघेच्या अलीकडे उभा केला होता.

“निकल जाओ भैया, बच्चे हैं,” मी म्हटलं.

“नहीं साब,” तो म्हणाला, “गाड़ी निकल जाए, फिर जाऊँगा.”

सरांनी घड्याळ पाहिलं. “श्योपुर से आ रही है,” ते म्हणाले, “दस-ग्यारह घंटे लगेंगे. तब तक ये बताओ, तुम्हारे ठेले के पहियों के बीच कितना फासला है?”

आणि भाजीवाला खाली वाकून मोजायला लागला.