स्टिरिओअण्णा

बदलापूर पश्चिमेला आमच्या सोसायटीत बेल काढून टाकलेलं एकच दार आहे. तिथे कडी वाजवायची, तीही एकदाच, आणि मुकाट उभं राहायचं. आत स्टिरिओअण्णा ऐकत असतात.

‘काय ऐकतात?’ असं फक्त नवा भाडेकरू विचारतो. अण्णांकडे रेकॉर्डी असतील पन्नास-साठ, पण वाजते ती एकच : १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहीर भैरवापासून थेट पहाडीपर्यंत. लोक संतूर-बासरीवर जीव टाकतात. अण्णांचा जीव गिटारीत. मांडीवर आडवी गिटार, तारेवरून सरकणारी पोलादी कांडी आणि कुठेही सांधा न दाखवता निघणारी मींड. ‘‘याला म्हणतात फिनिशिंग!’’ अण्णा म्हणतात. उभी हयात अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये टर्नर म्हणून गेली. कौतुकही लेथवरूनच उतरणार.

मूळ तबकडी लेथवर कापतात हे कळल्यापासून तर त्यांना हे सगळं आपल्याच खात्यातलं वाटतं. मी एकदा मेंटेनन्सच्या पावतीवर सही घ्यायला गेलो, तर मला खाली बसवून म्हणाले, ‘‘बघ, मिनिटाला ३३⅓ फेरे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम २०. सूर तेवढाच, जागा निम्म्याहून कमी. पहाडी बिचारा शेवटचा! संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये ठाण्याला चढल्यासारखा.’’ मग आवाज खाली आणून, घरातलं गुपित सांगावं तसं : ‘‘आणि ही रेकॉर्ड काढली कुणी? जी. एन. जोशींनी. ‘शीळ’ गाणारे! आपला माणूस.’’

सही राहिलीच.

अण्णांचा पहिला शत्रू म्हणजे ‘घूंऽऽ’. ही विजेची घरघर. अर्थिंग बिघडलं की ५० सायकलचा भुंगा स्पीकरमध्ये येऊन बसतो. त्याला हाकलायला अण्णा दर रविवारी उल्हासनगरच्या कॅम्पात जातात. तिथला दुकानदार त्यांना बघितल्याबरोबर चहा सांगतो, कारण आता तासाची निश्चिंती. अण्णा वायर कानाशी धरतात, नखाने खरवडतात, व्हर्निअरने मोजतात. दुकानदार हात जोडतो, ‘‘साईं, तार है, सोना नहीं.’’ अण्णा अडीच मीटर घेतात आणि पुढच्या रविवारी बदलून आणतात.

दुसरा शत्रू रेल्वे. कर्जत लोकल गेली की माणिकरावांच्या डग्ग्याला नको तितका घुमार येतो. म्हणून भूप कधी लावायचा हे अण्णा समयचक्रावरून नाही, टाइमटेबलवरून ठरवतात. तिसरा शत्रू घरातच : फ्रिज. रेकॉर्ड लागली की फ्रिज बंद, पंखा बंद, कुकर उतरवायचा. काकूंनी आजवर किती दूध नासू दिलं याचा हिशेब ठेवलेला नाही, पण त्या घरात कलाकंद बारा महिने मिळतो.

चौथ्या शत्रूचं नाव मात्र कुणी काढत नाही. २६ जुलै २००५ला उल्हास नदी घरात शिरली. गहू, टीव्ही, लग्नाचा अल्बम सगळं खाली ठेवून अण्णांनी टर्नटेबल डोक्यावर घेतलं आणि रेकॉर्ड काकूंच्या हाती दिली. वरच्या जिन्यात पोचेपर्यंत कव्हरचा लगदा झालेला. काकूंनी तबकडी बाहेर काढली आणि मायेने पदराने पुसली. पदराला सेफ्टीपिन होती.

तेव्हापासून दुसऱ्या बाजूला, भूप सुरू झाला की ‘टिक्’. पुन्हा ‘टिक्’. बरोबर १.८ सेकंदांनी, कारण तबकडीचा एक फेरा तेवढ्यात होतो. अण्णा काही बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. फक्त पदराला पुन्हा पिन लागली नाही.

पुढे भाच्याने त्याच रेकॉर्डची सीडी आणून दिली. स्वच्छ. घरघर नाही, खरखर नाही. अण्णांनी डोळे मिटून भूप ऐकला. दर थोड्या वेळाने त्यांची मान किंचित पुढे यायची आणि कशाला तरी अडल्यासारखी थांबायची. शेवटी म्हणाले, ‘‘छान आहे. पण माल ओव्हरसाइज वाटतो. कुठे पकडच नाही.’’ सीडी आता गच्चीतल्या पेरूवर टांगली आहे, पोपट हाकलायला.

परवा शुक्रवारी मी पुन्हा पावती घेऊन गेलो. भूप नुकता लागला होता, आणि दिवे गेले. तबकडी मंदावली, गिटार खाली खाली घसरत गेली आणि एका लांब ‘बूंऽ’मध्ये बुडाली. त्यानंतर जी शांतता झाली, तिच्यासाठी अण्णांनी वीस वर्षं वायरी बदलल्या होत्या. ना फ्रिज, ना भुंगा, ना लोकल.

अंधारात अण्णा गुणगुणू लागले. जिथे रेकॉर्ड थांबली तिथूनच उचललं. गळा यथातथा, पण मींड बिनसांध्याची. आणि स्वयंपाकघरातून, विळीवर गवार चिरता चिरता, काकूंनी जिभेने आवाज काढला, ‘टिक्’. थोड्या वेळाने पुन्हा, ‘टिक्’. अण्णांची मान बरोबर त्या जागी हलत होती. मी पावती खिशात घातली.

तिसरी ‘टिक्’ जरा लवकर आली. अण्णा थांबले.

‘‘घाई झाली,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्यापासून घेऊ.’’