जांघेतले गजकर्ण : लागवड व निगा

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला पीक शिकवायला जाणे म्हणजे आगाऊपणा. स्ट्रॉबेरी, द्राक्षे, ऊस, हळद, सगळ्यांना सल्लागार पायलीचे पन्नास. पण एक पीक बारमाही येते, त्याला ना सोसायटीचे कर्ज लागते ना रात्रीची वीज, आणि त्यावर बोलायला मात्र कोणी तयार नाही. म्हणून ही माहिती.

जमीन आपल्याकडेच असते. तिला ओल, ऊब आणि अंधार हवा. कोयनेच्या पावसात भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर वाळवावी; जतकडे पाऊस नसल्यास मे महिन्यातला घाम आणि नायलॉनची चड्डी पुरते. पैलवानांनी ओला लंगोट तसाच खुंटीला टांगावा. बियाणे विकत घेऊ नये, घरातल्या सामाईक टॉवेलवर ते फुकट मिळते. आंतरपीक हवे असल्यास लसूण चोळावा, भाजल्याचे फोड वेगळे येतात.

खरी मेख खतात आहे. मेडिकलमध्ये जावे. काउंटरवर बाई असल्यास डोकेदुखीची गोळी घेऊन परतावे, गर्दी ओसरल्यावर पुन्हा जाऊन “ते... खाजेचं द्या” म्हणावे. जी ट्यूब हातात पडते तिच्यात पुष्कळदा बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल नावाचे जहाल स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज गायब! लाली झाकली जाते, कातडीची प्रतिकारशक्ती झोपते आणि बुरशी निवांत पसरते. चट्ट्याची कड अशी पुसते की डॉक्टरही चकतात. कातडी पातळ होऊन पडलेले चरे जन्मभर राहतात. असली मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा केंद्राचा नियम २०१८ पासून आहे. नियम आपल्या जागी, ट्यूब आपल्या खिशात.

खाज थांबली की औषध ताबडतोब सोडावे, म्हणजे खोडवा जोमाने फुटतो. आता तर सुधारित वाणही आले आहे : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०२० साली जपानी संशोधकांनी त्याचे बारसे केले, नावात आपला देश आहे, आणि टर्बिनाफिनच्या गोळीला ते पुष्कळदा दाद देत नाही.

पीक मोडायचेच असेल, तर सैल सुती कपडे, स्वतंत्र टॉवेल, दोन्हींना कडक ऊन, आणि घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सर्वांचे एकदमच उपचार. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध चालू ठेवायचे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. केसपेपरच्या खिडकीवर “काय होतंय?” विचारले, तर “स्किन” एवढेच सांगा, पुढे कोणी विचारत नाही.